शेवटच्या घरावरचं लाल फडकं

आमच्या जांभूळ गावातले दोघे चारधाम करून आले, एक जण मुलाकडे दुबईला राहून आला. आल्यावर प्रत्येकाने देवळाच्या पारावर बसून आठ-आठ दिवस सांगितलं. बर्फ असा, वाळू अशी, तिकडचा चहा असा. मी सगळं ऐकून घेतलं. आता माझी पाळी आहे.

मी जांभूळहून उल्हासनगरला गेलो, वाटेत अंबरनाथ, येताना बदलापूर. हसू नका. अंतर तुम्हाला माहीत आहे, पण मी जिथवर गेलो तिथे आपल्या गावातलं अजून कुणी गेलेलं नाही. उद्या कुणावर जायची वेळ आली तर निदान वाट माहीत असावी, म्हणून ही वही. मी चौथी शिकलोय. माझी मुलगी वनिता म्हणाली, "बाबा, मी तपासून देते." म्हटलं काना-मात्रा तपास, बाकी एक शब्द हलवायचा नाही.

जांभूळ

मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. आमच्या गावच्या केंद्रात नदीचं पाणी शुद्ध होतं आणि मोठ्या पाइपातून अंबरनाथ, उल्हासनगरकडे जातं. लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, खड्ड्यात उतरायचं, फेरे मोजून व्हॉल्व्ह खोलायचा, वेळ झाली की बंद करायचा. अख्खी नोकरी घोटाभर पाण्यात उभं राहून झाली. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या पायांना खाज. प्रत्येक व्हॉल्व्हमनच्या शर्टाच्या खिशात एक ट्यूब असायची, खाज-खरूजवाली, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती. खाजलं की चोळ, लाल झालं की चोळ. दोन दिवसांत कातडी साफ. रिटायर झालो, चावी जमा केली, ट्यूब खिशात राहिली.

डाव्या टाचेवर काळा डाग आला तेव्हा मला वाटलं डांबर. मग वाटलं काटा मोडला असेल. वर्षभर ट्यूब चोळली. घरात कुणाला सांगितलं नाही. मी कधी आजारी पडलो नाही, रजा घेतली नाही, आणि एका डागासाठी पाय वर करून कुणाला दाखवणं माझ्यात बसत नव्हतं. डाग पाझरायला लागला तेव्हा वनिताने बघितला. ती बदलापूरला मांजर्लीत दिलीय. तिने मला सरळ रिक्षात घातलं.

कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. टाचेचा तुकडा काढला, जांघेतली गाठ काढली. पुढे काय, म्हणून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. वयाने वनिताएवढ्या, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "काका, तुमच्याच रक्तातून तुमची लस बनवायची आहे."

"लस पोरांना देतात. माझी सत्तरी उलटली."

"ही रोग होऊ नये म्हणून नाही, झालेल्या रोगाची आहे." आणि त्यांनी कागदावर एक पेशी काढली. झाडासारखी, चारी बाजूंनी फांद्या. "ह्या तुमच्या अंगातल्या खबऱ्या. ह्या चोराचा तुकडा तोंडात धरून फिरतात आणि लढणाऱ्या पेशींना दाखवतात. पण हा रोग बाहेरून आलेला नाही, तुमच्याच अंगातून उगवलाय. घरच्या माणसाला कोण अडवतं? म्हणून ह्या गप्प राहिल्या. आपण काय करायचं, रक्तातून कच्च्या पेशी बाहेर काढायच्या, लॅबमध्ये आठवडाभर वाढवून त्यांच्या ह्या फांद्यावाल्या बनवायच्या, तुमची कापलेली गाठ आपण बर्फात ठेवलीय तिचा अर्क त्यांना दाखवायचा, आणि परत तुमच्या अंगात सोडायच्या. त्या जाऊन बाकीच्यांना सांगतील."

मी विचारलं, "सांगितलं की नाही, ते तुम्हाला कसं कळणार?"

बाई म्हणाल्या, "हे मला पेशंट सहसा विचारत नाहीत. तीन डोसनंतर हातावर एक टेस्ट करू. शरीराने ओळखलं तर पुढचे डोस देत राहू. नाही ओळखलं तर लस थांबवावी लागेल. आणि खरं सांगते, तुमची किडनी बघता दुसरं जोरदार औषध तुम्हाला झेपणार नाही. लस थांबली तर माझ्या हातात फार काही उरत नाही. ओळखलं म्हणजे बरे झालात असंही समजू नका. एवढंच की खबर पोचली."

खबर पोचली की नाही, एवढ्यावर माझा प्रवास होता.

निघताना आमची म्हातारी दारात काठी घेऊन उभी. "टाच कापलेली हाय. काठी घ्या."

"मना नको."

"जमीन तुमच्या धाकाने सपाट नाय व्हायची. घ्या म्हनते न."

काठी घेतली. टेकवत मात्र नव्हतो, काखेत धरून चाललो.

उल्हासनगर

मी उल्हासनगर चांगलं ओळखतो, पण खालचं. कुठल्या गल्लीखाली किती इंची लाइन, कुठे टीचा जोड, कुठे बेंड, हे डोळे मिटून सांगेन. वरचं उल्हासनगर मी नीट बघितलंच नव्हतं. ड्युटीवर असताना मान खाली. आता रिक्षातून मान वर करून बघितलं तर काय, फर्निचर, कापड, झगझगीत घागरे, पापडाचे ढीग, एका बाईची शंभर रूपं आरशांच्या दुकानात. खाली पाणी वाहत असणार हे यातल्या एकाच्या तोंडावर दिसत नव्हतं.

हॉस्पिटलात मला आरामखुर्चीवर निजवलं. दोन्ही दंडांत सुया. एका हातातून रक्त निघतं, मशीनमध्ये फिरतं, पाहिजे त्या पेशी वर एका पिशवीत जमतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. मला कुणी समजावायची गरज पडली नाही. हे आमचंच केंद्र. नदीतून उचला, गाळा, लाइनीत सोडा. फक्त या वेळी नदी मी होतो.

तीन तास चाललं. पहिल्या तासानंतर सगळं सैल झालं. मशीनचा घरघर आवाज जांभूळच्या पंपासारखा यायला लागला. मला वाटलं मी पाइपातून चाललोय. वर रस्ता, रिक्षा, बाजार, माणसांची पावलं, आणि मी खालून काळ्या गार पाण्याबरोबर सरकतोय, अंबरनाथच्या चढाला जरा मंद, पुढे उतार लागला की सुसाट. कुणाच्या तरी मोरीत बादली लावलीय, हंडा खळखळतोय. मला त्या बादलीत पडायचं होतं. इतकं हलकं मला लहानपणी नदीत उताणं तरंगताना वाटायचं, त्यानंतर तेव्हाच.

"काका, काही होतंय का?" डॉक्टरीणबाई.

"काही नाही."

"ओठांना मुंग्या?"

"नाही."

मुंग्या येत होत्या. वारूळ फुटल्यासारख्या. पण मी नाही म्हटलं. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सिस्टरला कॅल्शियमच्या गोळ्या आणायला सांगितल्या. मग वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचे ओठ थरथरतायत. इथे होतंय ते होतंय म्हणून सांगायचं. तुमच्या 'नाही'वर मी उपचार कसा करू?"

वनिता बाजूला बसून गालात हसत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी तिला म्हटलं, चल, माझ्या एका माणसाकडे जाऊ. होतूमल. नळ, वॉशर, तोट्या विकणारा सिंधी. त्याची माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवं, कारण पुढे त्यावरच गाडी आहे.

होतूमलचं घर लाइनीच्या अगदी शेवटी, चढावर. मी व्हॉल्व्ह खोलला की पाणी सगळ्यांना मिळत मिळत त्याच्याकडे शेवटी पोचायचं. पोचलं की नाही ते मला खालच्या खड्ड्यापाशी कसं कळणार? तेव्हा मोबाइल कुठे होते. व्हॉल्व्ह लवकर बंद केला तर शेवटची घरं कोरडी, उशिरा केला तर टाकी रिकामी. म्हणून मी नेम केला, शेवटच्या घराने पाणी आलं की गच्चीवर लाल फडकं लावायचं. लाल दिसलं की मी समजणार, पोचलं. मग मनाने हिशेब धरून फेरे फिरवणार. होतूमलच्या आईने तिची जुनी लाल ओढणी बांबूला बांधली. रोज सकाळी मी मान वर करून बघायचो ती तेवढ्या ओढणीपुरती.

"अचो साईं, अचो! वेहो, वेहो!" या, बसा, म्हणतो तो. आता त्याचेही केस गेलेत. "पानी आया क्या?" हा त्याचा रामराम. सुनेने आल्या आल्या भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. आपल्याकडे पाहुण्याला नुसता तांब्या देतात, फार तर गूळ. सिंध्याकडे पाण्याबरोबर पापड हवाच. पापडाने तहान लागते, पाण्याने भागते, आणि बोलणं सुरू होतं. मग कढीभात आला. ही कढी आपल्यासारखी ताकाची नाही, बेसनाची, चिंचेची, आत भेंडी, गवार, बटाटा सगळं. मी तीनदा घेतली.

"लाल फडकं आहे का अजून?" मी विचारलं.

"आई गेली, तरी ठेवलंय. मोबाइल आला तेव्हा मुलगा म्हणाला फेकून दे. मी म्हटलं, अरे पागल, ये हमारा झेंडा है."

अंबरनाथ

माझ्या पेशी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये पाठवल्या होत्या. आठवडाभर त्या तिथे वाढणार. चार दिवस मी घरी काढले. मग राहवेना. आपली माणसं परक्या गावी आणि आपण भात खाऊन निजायचं, हे मला जमत नाही. म्हातारीला बाजाराला जातो सांगून निघालो.

पत्ता फॉर्मवर वाचून ठेवला होता. काचेची इमारत, बाहेर शोभेची झाडं, फाटकावर वॉचमन. मिशीवाला, खुर्चीवर बसून मटार सोलत होता.

"अंदर जाना मना है, चाचा. किससे मिलना है?"

"आमची माणसं आहेत आत."

"नाम बोलो, रजिस्टर में देखता हूँ."

"नाव नाही ठेवलं अजून."

त्याने मटार खाली ठेवले. मग मी त्याला सगळं सांगितलं, टाच, गाठ, फांद्या. त्याला किती कळलं देव जाणे. एवढं खरं की तो उठला, मला खुर्ची दिली आणि टपरीवरून चहा मागवला. म्हणाला, "रोज बर्फवाले डब्बे आते हैं, जाते हैं. मैं तो समझता था दवाई है. आदमी लोग है मालूम नहीं था."

"किधर रखते हैं?"

त्याने पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यातली खिडकी दाखवली. पांढरा पडदा. आत दिवा. आम्ही दोघे बघत बसलो. दुपारची वेळ, एमआयडीसीची जेवणाची सुट्टी, रस्ता रिकामा. पडद्यामागे कुणीतरी हललं, मग काही नाही. मला वाटलं आत उबदार असेल. भिजवलेल्या भाताला गोणपाटात मोड येतात तशा त्यांना फांद्या फुटत असतील. एक, दोन, मग चारी बाजूंनी. त्यांना माझा चोर दाखवला असेल का? ओळखला असेल का? की माझ्यासारख्याच हट्टी, विचारलं तर 'काही नाही' म्हणणाऱ्या?

उठताना पायाखाली लोखंड वाजलं. झाकण. माझंच. या गल्लीचा व्हॉल्व्ह, बावीस फेरे, एकविसाव्याला जरा अडतो. किती वर्षं मी या गल्लीला पाणी सोडलं आणि कुणासाठी सोडतोय ते मला ठाऊक नव्हतं. मी काठीचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली. आम्ही चावीने असंच ऐकायचो. पाणी वाहत असेल तर लोखंडातून सूं असा बारीक आवाज येतो, झोपलेल्या पोराच्या श्वासासारखा. लाकडातूनही आला. पाणी इमारतीकडे चाललं होतं.

"क्या सुनाई देता है?" वॉचमन.

काठी त्याला दिली. तोही वाकून ऐकत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "चाचा, चल रहा है."

परत येताना मी काठी टेकवत आलो.

पुढे लस मिळाली. बर्फाच्या डब्यातून लहानशी बाटली, त्यात ढगाळ पाणी. जांघेजवळ कातडीत टोचली. मुंगी चावल्याएवढंही नाही. संध्याकाळी जरा अंग कसकसलं, दुसऱ्या दिवशी गेलं. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा. आता पेशी घरी आल्या असतील, आता सांगत असतील, असं मी मनात धरत होतो. मग आली ती हातावरची टेस्ट.

मांजर्ली

डाव्या हाताला, कोपराच्या खाली, कातडीत एक थेंब टोचला आणि पेनाने भोवती गोल काढला. त्या गाठीच्या अर्काचा थेंब. दोन दिवसांनी बघायला या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चोळायचं नाही, काही लावायचं नाही. काय होतंय त्यावर लक्ष ठेवा." त्या वेळी त्यांना फोन आला, पुढचं बोलणं राहिलं.

ते दोन दिवस वनिताकडे मांजर्लीला काढले. तिच्या घरामागे थोड्या अंतरावर उल्हास नदी. थंडीचे दिवस, सकाळी नदीवर धुकं असं बसतं की पलीकडचा काठ नाहीसाच होतो. वनिताच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक आडवी मळकट रेघ आहे. नदी घरात आली होती तेव्हाची. तीनदा रंग दिला, रेघ परत वर येते.

"भिंत विसरत नाही बाबा," वनिता म्हणाली.

मी त्या रेघेखाली खाटेवर बसून राहायचो. पाणी एकदाच आलं, पण भिंतीने त्याला ओळखून ठेवलंय. धुकं खिडकीपर्यंत यायचं, परत जायचं. मी अर्धा जागा, अर्धा कुठे ते मलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनिताच्या सासरच्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडकं उपडं करून वर जाळ. सगळे शेतावर होते. मी खाटेवर. त्या गोलात खाज सुटली.

बघितलं तर लाल. मधे टणक, वाटाण्याएवढं, भोवती लाली पसरलेली. मला पहिलं काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं बिघाड झाला. माझ्या अंगाने औषध झेललं नाही, म्हणून सूज धरली. उद्या बाई बघतील, म्हणतील, काकांना सोसलं नाही, थांबवा. माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तो हात मला विचारून जात नाही, चाळीस वर्षांची सवय आहे. ट्यूब काढली, चोळली. 'लावायचं नाही' हे आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण बाई म्हणाल्या त्या लेप-बिप, हळद-बिळद लावणाऱ्यांना. ही तर मेडिकलमधली ट्यूब. त्या दिवशी तीनदा चोळली, रात्री निजताना एकदा, पहाटे एकदा. मग सकाळी पोपटीतल्या उरलेल्या शेंगा सोलत बसलो. भांबुर्ड्याचा वास बोटांना, आणि हात कसा साफ, गोरा.

"बाबा, दाखवा," वनिता म्हणाली.

"काय दाखवायचं? काही नाही."

पुन्हा उल्हासनगर

डॉक्टरीणबाईंनी माझा हात उजेडात धरला. बोट फिरवलं. मग बॉलपेन घेतलं आणि गोलाच्या बाहेरून आतल्या दिशेने हळूहळू रेघ ओढत आणली. म्हणाल्या, "सूज असेल तर तिच्या काठाला पेन अडतं." पेन अडलं नाही. गोलातून आरपार गेलं, दुसऱ्या बाजूने बाहेर. दुसरी रेघ, तिसरी. सगळ्या निसरड्या वाटेवरून गेल्यासारख्या.

बाईंनी पेन ठेवलं. चष्मा काढला.

"काका, मला इथे लाल हवं होतं. टणक हवं होतं. तेच खबर पोचल्याचं लक्षण. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. काहीच नाही आलेलं."

वनिताने विचारलं, "म्हणजे लस बंद?"

"सोमवारी सिनियर डॉक्टरांशी बोलते. पण आशा दाखवणार नाही."

माझ्या कानात सूं आवाज सुरू झाला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. वनिता समोर, सिस्टर समोर, दाराशी दोन पेशंट. 'मी ट्यूब चोळली' हे तीन शब्दांचं काम. टाचेला वर्षभर तीच ट्यूब चोळली, त्यावरून वनिता किती रडली होती, आणि आता परत तीच.  "बरं," म्हणालो आणि काठी घेऊन बाहेर आलो.

होतूमलकडे गेलो. पापड आला, पाणी आलं. मी पाणी घेतलं, पापड तसाच.

"पानी आया?" होतूमल.

मी वनिताकडे बघितलं.

वनिता आत सुनेजवळ गेली. मग मी त्याला सांगितलं. सगळं. लाली, ट्यूब, पेन. हळू आवाजात, जमिनीकडे बघून. मला वाटलं तो हसेल. तो उठला, कपाटामागे हात घातला आणि बांबू बाहेर काढला. टोकाला ती लाल ओढणी, रंग उडालेली, विटकरी झालेली. माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"एकदा आईने झेंडा नाही लावला. याद है? लाइट नव्हती, ती विसरली. तू व्हॉल्व्ह बंद नाही केला, टाकी खाली झाली, तुला साहेबाने झापलं. तू इथे आलास. माझ्या आईला, बुढ्या बाईला, तू काय बोललास?"

मला आठवत होतं. मी बोललो होतो, पाणी मिळाल्याचं सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं.

"माझ्या आईने तेव्हापासून एक दिवस नाही चुकवलं. तापात असली तरी. और तू?" त्याने माझ्या हातावरच्या पेनाच्या गोलाला बोट लावलं. "तेरे अंदर शेवटच्या घराने झेंडा लावला होता. तूने खुद जाके उतार दिया. गधा है तू साईं, एक नंबरका गधा. ऊठ."

"सोमवारी सांगतो."

"ऊठ म्हणतो ना! बहू, माझी चप्पल!"

दोन म्हातारे आणि वनिता. ती वाटेत विचारत होती, काय झालं, काय झालं. भर बाजारात, आरशांच्या दुकानासमोर मी थांबलो. आरशांत माझी शंभर तोंडं, सगळी पडलेली. म्हटलं, "वनिता, लाल आलं होतं. मी ट्यूब चोळली."

तिने हात पुढे केला. मी खिशातून ट्यूब काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि माझ्यापुढे चालायला लागली. नेहमीपेक्षा भरभर. डोळे पुसत होती ते मला मागूनही कळलं.

डॉक्टरीणबाई निघण्याच्या तयारीत होत्या. वनिताने ट्यूब टेबलावर ठेवली. बाईंनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि डोक्याला हात लावला.

"काका, यात स्टेरॉइड आहे. हे नेमकं तेच करतं, अंगाने उठवलेली आरडाओरड गप्प करतं. किती वेळा चोळली?"

"पाच वेळा."

"लाल किती होतं?"

मी पेनाच्या गोलाबाहेर बोट नेऊन दाखवलं, इथपर्यंत. टणक किती, विचारलं. वाटाण्याएवढं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या होत्या, आणि त्या रागाच्या खालून काहीतरी वेगळं वर येत होतं.

"मला तोंडी सांगितलेलं लिहिता येत नाही. परत करावी लागेल. दुसऱ्या हातावर. पंधरा दिवस अंगाला कसलीही ट्यूब नाही. आणि या वेळीही काही आलं नाही तर खबर पोचली नाही असं मी मान्य करणार, तुमचं ते वाटाण्याएवढं कितीही खरं असलं तरी."

होतूमल दारातून म्हणाला, "डॉक्टरसाब, ये आदमी झूठ नहीं बोलता. सिर्फ बोलताच नाही."

मांजर्ली, दुसऱ्यांदा

पंधरा दिवसांनी उजव्या हाताला थेंब, भोवती गोल. परत वनिताकडे, परत त्या रेघेखालची खाट. या वेळी खिसा रिकामा. हात दहा वेळा तिकडे गेला, दहा वेळा रिकामा परत आला.

पहिला दिवस काही नाही. मी उजेडात हात धरून बघत होतो, उशाशी ठेवून बघत होतो. संध्याकाळी नदीवर गेलो. पाणी हलत नसल्यासारखं हलत होतं. हेच पाणी पुढे जांभूळला उचलतात. मी काठीचं टोक वाळूत रोवून मूठ कानाला लावली. काही ऐकू आलं नाही. नुसती नदी. मी तसाच उभा राहिलो. एकदा लाल येऊन गेलं. ते खरं होतं की डोळ्यांनी केलेलं? त्या पेशी पंधरा दिवसांत विसरल्या तर? आपण झापल्यावरही झेंडा लावत राहणाऱ्या, होतूमलच्या आईसारख्या सगळ्या कुठे असतात. काही रुसून बसत असतील. मी त्यांना मनात म्हटलं, बायांनो, माझं चुकलं. तोंडातून हे वाक्य कधी निघालं नव्हतं. पाण्यावर धुकं उतरायला लागलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिता चहा घेऊन आली. मी खाटेवर बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर, डावा हात उजव्यापासून लांब ठेवलेला.

"बाबा, काय झालं?"

'काही नाही' ओठांपर्यंत आलं होतं. तिथे त्याला अडवलं.

"खाजतंय गं," मी म्हणालो. "खूप खाजतंय."

तिने चहा खाली ठेवला. माझी बाही वर केली. मग माझ्या शेजारी खाटेवर बसली आणि आम्ही दोघे बघत बसलो. ती खाज मी दिवसभर सोसली. फुंकर घालून थंड केली नाही, पाण्याने भिजवली नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षात बसलो तेव्हा बाही दुमडून हात बाहेर ठेवला. मांजर्लीपासून अंबरनाथ, अंबरनाथपासून उल्हासनगर, पूर्ण लाइनीने. कुणी बघो न बघो.

होतूमल हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता. त्याने हात बघितला, नुसती मान वर करून आभाळाकडे बघितलं, मी त्याच्या गच्चीकडे बघायचो तसं.

डॉक्टरीणबाईंनी हात उजेडात धरला. पेन घेतलं. बाहेरून आत रेघ ओढत आणली, हळू, फार हळू. मी पेनाच्या टोकाकडे बघत होतो. ते लालीत शिरलं, थोडं पुढे आलं, आणि अडलं. बाईंनी दुसऱ्या बाजूने आणलं. अडलं. वरून. अडलं. खालून. अडलं.

त्यांनी पट्टी लावून मोजलं, कागदावर लिहिलं, पुढच्या डोसची तारीख खाली लिहिली. मग नेहमीच्या सवयीने, मान वर न करता विचारलं, "काका, काही होतंय का?"

"होतंय," मी म्हणालो.